शुक्रजंतू पोहतो कसा, आणि त्याच्याकडून यंत्रं काय शिकली

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने शुक्रजंतूवर व्याख्यान का द्यावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. रास्त आहे. मी जीवशास्त्रज्ञ नाही, आणि डॉक्टर आहे तो वेगळ्या अर्थाने. पण गती म्हणजे काय, एखादी वस्तू 'स्वतः' हलते असं आपण केव्हा म्हणतो, हे प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलपासून आमच्याच घरचे आहेत. या एवढ्याशा पेशीच्या पोहण्याचा अभ्यास करताना गेल्या शंभर वर्षांत त्या प्रश्नांवर जो प्रकाश पडला, तो मला एखाद्या जाड ग्रंथाइतकाच मोलाचा वाटतो.

दुसरं एक कारण आहे, तेही आधीच सांगून टाकतो. या विषयाभोवती आपल्या भाषेने फार मोठे शब्द उभे केले आहेत. 'वीर्य' या शब्दात 'वीर' बसलेला आहे. मूल न होणाऱ्या बाईसाठी 'वांझ' हा शब्द आपल्या जिभेवर तयार असतो. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते खरं तर वेगळ्याच गोष्टीचे आहेत, आणि ते इतके अपमानाचे आहेत की तपासणीचं नाव काढलं तरी घरात शांतता पसरते. तर आजचं माझं म्हणणं थोडक्यात असं: शुक्रजंतूचं पोहणं ही जोराची बाब नाही, ती हालचालीच्या क्रमाची बाब आहे. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांना त्याच्यासारखी पोहणारी यंत्रं बनवता आली. आणि हे आपल्या लक्षात आलं, तर आपण काही माणसांशी जरा वेगळं वागू.

सुरुवात इतिहासापासून करू. १६७७ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्याचा थेंब पाहिला. योहान हाम नावाच्या एका विद्यार्थ्याने आधी एका रुग्णाचा नमुना त्याच्याकडे आणला होता. त्यानंतर लेवेनहूकने स्वतः निरोगी नमुने तपासले. त्याला दिसले शेपूट वळवळवत जाणारे असंख्य छोटे 'प्राणी'. त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, पण बिचकतच. ही माहिती किळसवाणी वाटली तर छापू नका, असंही त्याने लिहिलं. बघा, आपला 'शुक्रजंतू' हा शब्दसुद्धा त्याच कल्पनेवर उभा आहे. ती एक पेशी आहे, जंतू नव्हे. पण शब्द रुळला, आणि आपणही आज तोच वापरू.

आता गंमत पुढे आहे. पाहिलं म्हणजे कळलं असं होत नाही. १६९४ साली हार्टसूकर नावाच्या गृहस्थाने एक चित्र छापलं. त्यात शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक चिमुकला माणूस आहे. आपल्याला तो दिसला असं तो म्हणत नव्हता, दिसू शकला तर कदाचित असा दिसेल, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण कल्पना जोरात चालली. लायब्निझसारख्या तत्त्वज्ञाला ही कल्पना जवळची वाटली, की सजीव नव्याने घडत नाही, आधीच लहान रूपात असतो आणि फक्त मोठा होतो. लायब्निझ १६७६ साली लेवेनहूकला जाऊन भेटला होता, आणि १७१४ सालच्या 'मोनॅडॉलॉजी'त वीर्यातल्या प्राण्यांचा उल्लेख आहे. दुसरं टोकही होतं. १८२७ साली फॉन बेअर यांनी 'स्परमॅटोझोआ' हे नाव दिलं तेव्हा हे वीर्यात राहणारे परोपजीवी असावेत असा त्यांचा समज होता. म्हणजे कोणी त्यात अख्खा माणूस पाहिला, तर कोणी पोटातल्या जंतासारखा उपरा पाहुणा. १८७६ साली ऑस्कर हर्टविग यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यात शुक्रजंतूचं केंद्रक आणि अंड्याचं केंद्रक एक होताना पाहिलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. पाहण्यापासून कळण्यापर्यंत एकशे नव्व्याण्णव वर्षं गेली.

हे झालं तो काय करतो याबद्दल. तो पोहतो कसा, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लकच होता.

माणसाचा शुक्रजंतू साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर लांब असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोकं जेमतेम पाच मायक्रोमीटरचं, बाकी सगळं शेपूट. सेकंदाला सुमारे ५० मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या लांबीएवढं अंतर तो कापतो. मिनिटाला तीन मिलिमीटर. ऐकायला हे फार साधं वाटतं. एखादा मासा शेपूट हलवत जातो, तसा हा जात असेल. इथेच आपण फसतो.

मासा किंवा नदीत पोहणारा पोरगा पाण्याला मागे ढकलतो आणि पुढे जातो. हातपाय थांबवले तरी थोडा पुढे सरकतो, कारण त्याच्या अंगात वेग शिल्लक असतो. याला आपण जडत्व म्हणतो. दुसरीकडे पाण्याचा चिकटपणा, शास्त्रीय शब्द श्यानता, त्याला मागे ओढतो. या दोघांत कोण भारी, हे सांगणारा एक आकडा आहे. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली नळीतल्या प्रवाहांवर प्रयोग केले, त्यांच्यावरून त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. लांबी गुणिले वेग, भागिले द्रवाचा चिकटपणा, असा त्याचा ढोबळ हिशेब. पोहणाऱ्या माणसासाठी हा आकडा दहा लाखांच्या घरात जातो. शुक्रजंतूसाठी तो एकाच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. पाणी तेच आहे. पण त्याच्या लांबीला आणि वेगाला पाण्याचा चिकटपणाच सर्वस्व आहे, जडत्व जवळजवळ शून्य.

याचा अर्थ काय होतो, ते एडवर्ड पर्सेल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९७६ साली एका व्याख्यानात फार सुंदर सांगितलं. ते पुढच्या वर्षी छापून आलं, जवळजवळ बोलले तसंच. पर्सेल यांना १९५२ साली नोबेल मिळालं होतं ते अगदी वेगळ्या कामासाठी. त्यांनी उदाहरण दिलं ते मळीचं. आपण काकवी म्हणू. एक हौद काकवीने भरा, त्यात माणूस उतरवा, आणि त्याला अट घाला की शरीराचा कुठलाही भाग मिनिटाला एका सेंटिमीटरहून जास्त वेगाने हलवायचा नाही. दोन आठवड्यांत तो काही मीटर सरकला, तर त्याला या सूक्ष्म जगातलं पोहणं जमलं म्हणायचं. आणखी एक हिशेब त्यांनी मांडला. पोहणाऱ्या जिवाणूने एकदम पोहणं थांबवलं, तर तो किती घसरत पुढे जाईल? हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी. म्हणजे थांबला की थांबलाच.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणत असे, की वस्तू हलत राहायची तर कोणीतरी तिला हलवत राहिलं पाहिजे. बैल थांबले की गाडी थांबते. गॅलिलिओ आणि न्यूटन यांनी हे मोडीत काढलं, आणि आपण अ‍ॅरिस्टॉटलला चुकीचा ठरवून पुढे गेलो. पण शुक्रजंतूच्या जगात खरोखर तसंच घडतं. आत्ता जेवढा जोर लावाल तेवढाच आत्ताचा वेग, मागच्या क्षणाची कमाई पुढच्या क्षणाला मिळत नाही. न्यूटनचे नियम तिथेही लागू आहेतच, फक्त जडत्वाचा वाटा इतका क्षुल्लक होतो की दिसतो तो अ‍ॅरिस्टॉटलच.

आता यातून एक विलक्षण अडचण उभी राहते. पर्सेल यांनी शिंपल्याचं उदाहरण घेतलं. मी अडकित्त्याचं घेतो. अडकित्त्याला एकच बिजागरी. तो फक्त उघडतो आणि मिटतो. समजा असा एक अडकित्ता पाण्यात पोहू पाहतो. हळू उघडायचं आणि झटकन मिटायचं, म्हणजे पाणी जोरात मागे फेकलं जाईल आणि आपण पुढे जाऊ. मोठ्या पाण्यात ही युक्ती चालते, समुद्रातला स्कॅलप नावाचा शिंपला असाच पोहतो. सूक्ष्म जगात मात्र ती चालत नाही. उघडताना तो जेवढा मागे जातो, मिटताना बरोबर तेवढाच पुढे येतो. हळू करा, झटक्यात करा, हजार वेळा करा, तो जागच्या जागी. कारण तिथे वेगाला महत्त्व नाही, फक्त आकार कोणत्या क्रमाने बदलले याला आहे. आणि उघड-मीट ही हालचाल उलटी केली तरी तीच राहते. जे केलं ते पुसलं जातं.

लक्षात घ्या, इथे ताकद उपयोगाची नाही. दुप्पट जोराचा अडकित्तासुद्धा तिथेच राहील. पुढे जायचं असेल तर जाण्याची वाट आणि परतण्याची वाट वेगळी हवी. हालचालीची फिल्म उलटी चालवली तर ती वेगळी दिसली पाहिजे.

शुक्रजंतूच्या शेपटीत नेमकं हेच घडतं. लाट डोक्याकडून शेपटीच्या टोकाकडे जाते. फिल्म उलटी चालवा, लाट टोकाकडून डोक्याकडे येताना दिसेल. दोन्ही वेगळ्या हालचाली आहेत. म्हणून तो पुढे जाऊ शकतो. हे गणिताने प्रथम दाखवलं जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने, १९५१ साली. जडत्वाची अजिबात मदत न घेता, नुसत्या चिकटपणाच्या आधाराने एखादी वस्तू पुढे जाईल का, असा प्रश्न त्यांनी घेतला. लाटेसारखा हलणारा एक पातळ पडदा कल्पून त्यांनी दाखवलं की जाईल. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी एक शिकवणीची फिल्म केली. त्यात एक खेळण्यातला मासा आहे, ताठ शेपूट इकडून तिकडे हलवणारा. पाण्यात तो छान जातो, घट्ट पाकात नुसता फडफडतो. दुसऱ्या खेळण्याला मळसूत्रासारखी फिरणारी शेपूट आहे, ते पाकातही पुढे जातं.

पण चिकटपणा, जो अडवतो, तोच पुढे कसा ढकलतो? हे समजायला घरी एक प्रयोग करून बघा. उंच बरणीत मध घ्या. एक सुई उभी धरून सोडा, आणि एक आडवी धरून सोडा. उभी सुई लवकर खाली जाईल. बारीक लांब वस्तूला लांबीच्या दिशेने सरकताना जेवढा अडथळा होतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट अडथळा आडव्या दिशेने सरकताना होतो. आता सुई तिरकी सोडा. ती सरळ खाली जात नाही, तिरकी घसरते. वजन खाली ओढतंय आणि सुई बाजूलाही सरकतेय! शुक्रजंतूची शेपूट म्हणजे अशा तिरक्या सुयांची माळ समजा. प्रत्येक तुकडा आडवा हलतो, पण तिरका असल्यामुळे त्यातला काही भाग पुढे ढकलण्यात जमा होतो. लाट एकाच दिशेने जात असल्याने सगळ्या तुकड्यांची जमा एकाच बाजूला होते. सी-अर्चिनच्या शुक्रजंतूंवर जेम्स ग्रे आणि हॅनकॉक यांनी १९५५ साली हा हिशेब मांडला आणि तो प्रत्यक्ष वेगाशी जुळला.

आता शेपटीच्या आत जाऊ. आपल्याला वाटतं, डोक्यापाशी इंजिन असेल आणि शेपूट चाबकासारखी मागे फटकारत असेल. तसं नाही. १९५८ साली केंब्रिजच्या मॅचिन यांनी दाखवलं, की नुसतं मुळाशी हलवलेल्या चाबकाची लाट चिकट द्रवात वाटेतच विरून जाईल. प्रत्यक्षात दिसते तशी लाट हवी, तर इंजिन शेपटीभर पसरलेलं पाहिजे. आणि तसंच ते आहे. शेपूट आडवी कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर कडेने नऊ जोडनलिका आणि मध्ये दोन सुट्या नलिका दिसतात. या जोडनलिकांवर डायनिन नावाच्या प्रथिनाचे छोटे हात असतात. एटीपी हे पेशीचं इंधन वापरून एका नलिकेचे हात शेजारच्या नलिकेला पकडतात, सरकवतात, सोडतात. नलिका मुळाशी बांधलेल्या असल्याने सरकण्याचं रूपांतर वाकण्यात होतं. आधी एका बाजूचे हात, मग दुसऱ्या बाजूचे, आणि हे वळण पुढेपुढे जात राहतं. सेकंदाला दहा-वीस वेळा. हातांनी कोणत्या क्रमाने काम करायचं हे नेमकं कसं ठरतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण कुठे मुकादम बसलेला नाही, हे नक्की.

हीच रचना आपल्या श्वासनलिकेतल्या केसांसारख्या बारीक तंतूंची आहे. ते सतत हलून कफ वर ढकलतात. १९७६ साली स्टॉकहोमच्या ब्योर्न आफ्झेलियस यांनी काही पुरुषांचा अभ्यास जाहीर केला. त्यांचे शुक्रजंतू जिवंत होते, पण हलत नव्हते. त्यांना लहानपणापासून सर्दी-खोकल्याचा, सायनसचा त्रास होता. आणि त्यांतल्या काहींचं हृदय उजवीकडे होतं! तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की डायनिनचे हातच नाहीत. शेपूट हलत नाही, म्हणून मूल नाही. श्वासनलिकेतले तंतू हलत नाहीत, म्हणून खोकला. आणि गर्भात अगदी सुरुवातीला असेच तंतू फिरून शरीराची डावी-उजवी बाजू ठरवायला मदत करतात. ते फिरले नाहीत, तर हृदय कुठल्या बाजूला जाईल हा नशिबाचा भाग.

मला हे उदाहरण फार बोलकं वाटतं. या माणसांमध्ये पौरुष कमी नव्हतं. एका प्रथिनाचा हात नव्हता. ज्या कारणाने कोणाला खोकला होतो, त्याच कारणाने त्याला मूल होत नाही. खोकल्याची आपल्याला लाज वाटत नाही. मग दुसऱ्या गोष्टीची का वाटावी?

आता यंत्रांकडे वळू. औषध शरीरात नेमक्या जागी पोहोचवणारं सूक्ष्म यंत्र हे जुनं स्वप्न आहे. पण एवढ्या लहान यंत्रात बॅटरी आणि मोटर बसवणार कशी? उत्तर निघालं चुंबकात. चुंबकीय क्षेत्र शरीरातून आरपार जातं, आणि बाहेरून ते मागे-पुढे किंवा गोल फिरवता येतं. २००५ साली पॅरिसमध्ये रेमी ड्रेफस आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय कणांची एक माळ डीएनएच्या धाग्यांनी ओवली आणि ती एका तांबड्या रक्तपेशीला जोडली. बाहेरचं क्षेत्र हलवलं, तशी माळ शेपटीसारखी वाकू लागली, आणि रक्तपेशीला घेऊन पोहू लागली. इथे माळेचं लवचीक असणं महत्त्वाचं. ती ताठ असती तर आपला अडकित्ताच झाला असता. लवचीक असल्यामुळे टोक मुळाच्या मागे रेंगाळतं, आणि त्यातून जाणं-येणं वेगळं होतं.

दुसरा रस्ता मळसूत्राचा. तो जिवाणूंकडून घेतलेला. जिवाणू आपली शेपूट वाकवत नाहीत, मुळाशी असलेल्या फिरत्या मोटरने ती स्क्रूसारखी फिरवतात. २००९ साली अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी अमेरिकेत काचेच्या द्रव्याचे, कोबाल्टचा थर दिलेले, एक-दोन मायक्रोमीटर लांबीचे स्क्रू बनवले आणि फिरत्या चुंबकीय क्षेत्राने हवे तसे चालवले. घोष पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तिथे हे काम वाढलं.

शुक्रजंतूचं रूप सरळ उचललं ते २०१४ साली. नेदरलँड्समधलं ट्वेंटे विद्यापीठ आणि कैरोचं जर्मन विद्यापीठ, इस्लाम खलील, सार्थक मिश्रा आणि त्यांचे सहकारी. त्यांच्या यंत्राचं नाव 'मॅग्नेटोस्पर्म'. लांबी ३२२ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या शुक्रजंतूच्या पाच-सहा पट. लवचीक प्लास्टिकचं शरीर, आणि डोक्यावर कोबाल्ट-निकेलचा थर. साधारण फ्रिजच्या दाराला चिकटवायच्या चुंबकाइतकं क्षीण क्षेत्र त्याला पुरतं. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ताहेर सैफ यांच्या गटाने चुंबकाशिवाय एक पोहणारा बनवला. रबरासारख्या बारीक धाग्यावर त्यांनी उंदराच्या हृदयाच्या पेशी वाढवल्या. पेशी ठोके देतात, धागा वाकतो, आणि हा प्राणी म्हणा, यंत्र म्हणा, सेकंदाला पाच-दहा मायक्रोमीटर सरकतो.

जर्मनीत ड्रेस्डेनला ऑलिव्हर श्मिट यांच्या प्रयोगशाळेने उलटा विचार केला. नक्कल कशाला, मूळच वापरू. २०१३ साली त्यांनी बैलाचा शुक्रजंतू एका चुंबकीय नळीत अडकवून नळी हवी तशी वळवली. २०१६ साली न हलणाऱ्या शुक्रजंतूच्या शेपटीभोवती धातूचा स्क्रू अडकवून त्याला अंड्यापर्यंत ढकलत नेलं. २०१८ साली शुक्रजंतूत कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन हे औषध भरून काचेच्या भांड्यातल्या गाठीत सोडलं. हे सारं प्रयोगशाळेतलं आहे. रोजच्या उपचारात यातलं काहीही आलेलं नाही. शरीरात खोलवर असताना ते दिसणार कसं, काम झाल्यावर बाहेर येणार कसं, शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला सोडेल का, हे प्रश्न अजून सुटायचे आहेत. वर्तमानपत्रात मथळा वाचलात तर हे लक्षात ठेवा.

मला सर्वात विचारात टाकणारा प्रयोग २०२० सालचा आहे, 'आयर्नस्पर्म'. व्हेरोनिका मागदान्झ, इस्लाम खलील आणि सहकाऱ्यांनी बैलाच्या न हलणाऱ्या शुक्रजंतूंवर लोहाच्या ऑक्साइडचे, एका अर्थी गंजाचे, सूक्ष्म कण चिकटवले. मग चुंबकीय क्षेत्र फिरवलं, आणि ते पोहू लागले. तिथे इंधन जळत नाही, डायनिनचे हात चालत नाहीत. उरलाय तो आकार आणि लवचीकपणा. तेवढ्यावर तो पुढे जातो.

मग तो 'पोहतो' असं म्हणायचं का? पाणिनीने कर्ता कोणाला म्हणायचं हे स्वातंत्र्यावरून ठरवलं. जो क्रियेत स्वतंत्र, तो कर्ता. त्या हिशेबाने आयर्नस्पर्म हे करण आहे, कर्ता बाहेर चुंबकापाशी उभा आहे. जिवंत शुक्रजंतू स्वतःचं इंधन जाळतो, म्हणून तो जास्त स्वतंत्र. पण त्यालाही कुठे जायचंय ते 'ठाऊक' नाही. प्रवाहाविरुद्ध वळणं, काही रसायनांमुळे शेपटीचा ठेका बदलणं, एवढंच तो करतो. म्हणजे गती आहे आणि तिचा उपयोगही आहे, पण आत इच्छा बाळगणारा कोणी नाही. १६९४ साली डोक्यात बसवलेला तो छोटा माणूस आपण चित्रातून काढला, आपल्या बोलण्यातून मात्र तो अजून निघालेला नाही.

याचा ताजा नमुना सांगतो. २०२३ साली क्योतोचे केंता इशिमोतो आणि सहकाऱ्यांनी शुक्रजंतूच्या शेपटीवर एक शोधनिबंध लिहिला. लगेच जगभर बातमी झाली, 'शुक्रजंतू न्यूटनचा तिसरा नियम मोडतात!' काय सुंदर वीरकथा. मूळ म्हणणं असं आहे, की शेपूट ही साधी स्प्रिंग नाही. साध्या स्प्रिंगमध्ये घातली त्याहून जास्त ऊर्जा बाहेर येत नाही. शेपटीचा प्रत्येक तुकडा स्वतः इंधन जाळत असतो, त्यामुळे तिला नुसतं लवचीक द्रव्य मानून हिशेब केला, तर एका तुकड्याचा दुसऱ्यावरचा परिणाम आणि उलटचा परिणाम जुळत नाहीत. या न जुळण्यालाच त्यांनी वेगळ्या प्रकारची लवचीकता म्हटलं. द्रव आणि इंधन धरून पूर्ण हिशेब केला, की न्यूटन जागच्या जागी आहे. पण 'नियम मोडला' म्हणण्यात पराक्रम आहे ना!

शर्यतीची गोष्टही तशीच. कोट्यवधी धावतात, एक जिंकतो, आणि स्त्रीबीज स्वयंवरातल्या राजकन्येसारखं वाट बघत बसतं. एमिली मार्टिन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ साली पाठ्यपुस्तकं तपासून दाखवलं, की शास्त्राच्या भाषेतही हीच प्रेमकथा घुसली आहे. वस्तुस्थिती काय? शुक्रजंतूंना पुढे नेण्यात गर्भाशयाच्या आकुंचनाचाही वाटा असतो. आणि आधी पोहोचून भागत नाही. १९५१ साली चँग आणि ऑस्टिन यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की स्त्रीच्या शरीरात काही काळ राहिल्याशिवाय शुक्रजंतूला फलनाची पात्रताच येत नाही. ज्याला आपण विजेता म्हणतो, तो दुसऱ्या शरीराने तयार केलेला असतो.

मग व्यवहारात यातून काय घ्यायचं? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी स्त्रीकडच्या कारणाबरोबर. वीर्याची तपासणी सोपी आहे, तिच्यात सुई नाही, भूल नाही. तरीही आपल्याकडे अनेक घरांत सुनेच्या सगळ्या तपासण्या आणि सगळे उपास होतात, आणि मुलाची तपासणी शेवटी, नाही तर होतच नाही. अहवालात शुक्रजंतूंची हालचाल कमी आहे असं आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की शेपटीच्या यंत्रात कुठेतरी काही अडलं आहे. कधी त्यावर उपचार असतो. कधी नसतो, तेव्हा १९९२ साली ब्रसेल्सहून जाहीर झालेली पद्धत आहे. तिच्यात एकच शुक्रजंतू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. अजिबात न हलणारे शुक्रजंतू असलेल्या पुरुषांनाही या मार्गाने मुलं झाली आहेत. आणि कधी तेही जमत नाही. तेव्हाही त्या माणसाचं काही कमी झालेलं नसतं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात, नात्यात असा विषय दबलेल्या आवाजात चालू असेल, तर आजचा अडकित्ता आणि मधातली सुई त्यांना जरूर सांगा. दोघांनी एकाच दिवशी तपासणीला जा, असंही सांगा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.